स्वयंचलित अद्यतन, संगणकीय

संगणकाचे सर्व मूलभूत व्यवहार चालविणाऱ्या आज्ञावलीस परिचालन प्रणाली म्हणतात. तीत आढळलेले दोष दूर करण्यासाठी तिचे निर्माते वेळोवेळी ज्या दुरुस्त्या पाठवितात, त्यांना अद्यतने, व्यवहारात ‘अपडेट’, अशी संज्ञा आहे. वापरणाऱ्याने मागणी न करता संगणकाने अशा दुरुस्त्या स्वतःहून शोधल्या, उतरवून घेतल्या व बसविल्या, तर ते स्वयंचलित अद्यतन होय. हे काम चालू असताना प्रोसेसरची बरीचशी शक्ती त्यातच खर्च होऊन संगणक मंदावतो, हा २००१ नंतरच्या काळातील सार्वत्रिक अनुभव आहे. त्यावर अद्यतनेच बंद करून टाकण्याचा उपाय सर्रास योजला जाऊ लागला. अद्यतनांविना राहिलेल्या संगणकांवर कोणते संकट येऊ शकते, हे २००३ व २०१७ मध्ये दिसून आले. संगणकांची दुरुस्ती, संगणक साक्षरतेचा प्रसार व विषाणुप्रतिबंधक आज्ञावलींची निर्मिती ही तिन्ही कामे पुणे शहरात शेजारी शेजारी वाढली; त्यामुळे या इतिहासाचे अनेक टप्पे त्या शहराच्या संदर्भात पाहता येतात.

पूर्वपीठिका : पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राची म्हणजे सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तेथे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्याच सुमारास शहरातील कार्यालयांत, बँकांत व मुद्रणालयांत लहान मेजसंगणक येऊ लागले होते आणि त्यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय उभा राहत होता. गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलाश काटकर यांनी १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हा व्यवसाय सुरू केला. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वारंवार आढळत असल्याने त्यांचे बंधू संजय काटकर यांनी विषाणुप्रतिबंधक आज्ञावली तयार केली. ती १९९५ मध्ये ‘क्विक हील’ या नावाने बाजारात आली व पुढे २००७ मध्ये व्यवसायानेच ते नाव धारण केले.

विषाणूंचे नवे प्रकार सतत निर्माण होत असल्याने अशा आज्ञावलीजवळील ओळखचिन्हांची यादी वरचेवर बदलावी लागते. विकत घेतलेली आज्ञावली पूर्ण झालेली वस्तू नसून तिची निगा अखंड राखावी लागते, ही जाणीव सामान्य ग्राहकास प्रथम या यादीमुळे झाली. त्या काळी परिचालन प्रणालीत मात्र बदल क्वचितच होत. संगणक विकणारा किंवा दुरुस्त करणारा कारागीरच चकतीवरून नवी आवृत्ती बसवून देई आणि ते काम केव्हा करावयाचे, हे मालक ठरवीत असे.

स्वयंचलनाचा उदय : मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज ९८’ या प्रणालीबरोबर इंटरनेटवरून दुरुस्त्या घेण्याची सोय रूढ झाली, परंतु त्यासाठी वापरणाऱ्याने स्वतः त्या संकेतस्थळावर जावे लागे. २००० मधील ‘विंडोज मी’ व २००१ मधील ‘विंडोज एक्सपी’ या प्रणालींत हे काम पार्श्वभूमीवर आपोआप करण्याची व्यवस्था आली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्येच झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या या संस्थेच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे राज्यभर संगणक हाताळणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

स्वयंचलनाची निकड २००३ मध्ये स्पष्ट झाली. विंडोजमधील एका गंभीर दोषावरची दुरुस्ती १६ जुलै २००३ रोजी प्रसिद्ध झाली होती; तरीही चार आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्ट रोजी, त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘ब्लास्टर’ हा कृमी जगभर पसरला. दुरुस्ती उपलब्ध असूनही ती बहुसंख्य संगणकांपर्यंत पोहोचली नव्हती. त्यानंतर ऑक्टोबर २००३ पासून प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकत्रितपणे देण्याची प्रथा सुरू झाली. भारतीय वेळेनुसार त्या मंगळवारी रात्री प्रसिद्ध होत असल्याने त्यांचा भार येथे बुधवारी सकाळी, कामाच्या वेळी जाणवू लागला. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सुधारसंचाने स्वयंचलित अद्यतन चालू ठेवण्याचा आग्रह धरला.

भारतातील परिस्थिती अशा व्यवस्थेस अनुकूल नव्हती. या सुधारसंचाची संपूर्ण प्रत सु. २६६ मेगाबाइट होती. ५६ किलोबिट वेगाच्या दूरध्वनी जोडणीवर ती उतरविण्यास तत्त्वतः सु. अकरा तास लागत. २००५ च्या प्रारंभी भारत संचार निगम लिमिटेडची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. परंतु तिच्या स्वस्त योजनांत महिन्याला मिळणारा डेटा मोजका असे. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे, म्हणून मोठ्या फाईली उतरवून घेण्यासाठी संगणक रात्रभर चालू ठेवण्याची पद्धत पडली. याच वर्षी प्रणालीची प्रत अधिकृत आहे की नाही, याची तपासणी मायक्रोसॉफ्टने सुरू केली. अनधिकृत प्रती वापरणाऱ्यांनी या तपासणीच्या धास्तीने अद्यतने बंद ठेवली. वास्तविक सुरक्षाविषयक दुरुस्त्या अशा प्रतींनाही स्वयंचलित मार्गाने मिळत होत्या. अपुरा डेटा, तपासणीची भीती व मंदावणारा संगणक अशी तीन कारणे येथे एकत्र आली.

भाराचे स्वरूप : अद्यतनाचे काम शोध, उतरवून घेणे व बसविणे या तीन टप्प्यांत होते. सामान्य समजुतीनुसार वेळ लागतो तो मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात. परंतु प्रोसेसरवरील भार प्रामुख्याने पहिल्या व तिसऱ्या टप्प्यांत पडतो. शोधाच्या टप्प्यात संगणकाला आपल्याजवळ कोणते घटक आहेत, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या आणि उपलब्ध दुरुस्त्यांपैकी कोणती दुरुस्ती कोणत्या जुन्या दुरुस्तीची जागा घेते, याचा ताळा घालावा लागतो. दुकानाच्या वार्षिक मालमोजणीसारखेच हे काम आहे : विक्री थांबत नाही, पण माणसे मोजणीत गुंतल्याने गिऱ्हाईक खोळंबते.

तिसऱ्या टप्प्यात फाईलींचा संक्षेप उलगडणे, त्यांची सत्यता पडताळणे, जुन्या प्रती राखून ठेवणे व नव्या जागेवर बसविणे ही कामे होतात. इंटरनेटवरील वाहतूक वाचविण्यासाठी पूर्ण फाईलऐवजी तिच्यातील फरकच पाठविला, तर मूळ फाईलवरून नवी फाईल रचण्याचे गणित ग्राहकाच्या संगणकास करावे लागते. म्हणजे डेटातील बचतीची किंमत प्रोसेसर चुकवितो. ‘डॉट नेट’ या संचाच्या अद्यतनानंतर त्यावर आधारलेल्या आज्ञावलींची यंत्रभाषेत पुन्हा सिद्धता करावी लागते, तेव्हाही काही काळ भार वाढतो. शिवाय विषाणुप्रतिबंधक आज्ञावली प्रत्येक नवी फाईल तपासत असल्याने एकाच फाईलसाठी दुहेरी श्रम पडतात. मध्येच वीज गेली, तर अर्धवट बसलेली दुरुस्ती मागे घेऊन सर्व काम पुन्हा करावे लागते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ही अडचण विशेष होती.

तीन प्रसंग : भाराची तक्रार २००७, २०१३ व २०१५-१६ या काळांत तीव्र झाली. तिन्ही वेळी दोष ताळा घालण्याच्या पद्धतीत होता.

२००७ मध्ये एक्सपीवर अद्यतनाचा शोध सुरू होताच ‘एसव्हीसीहोस्ट’ ही प्रक्रिया प्रोसेसरची संपूर्ण शक्ती व्यापून टाकी. या एका नावाखाली प्रणालीच्या अनेक सेवा चालत असल्याने दोषी सेवा कोणती, हे सहज कळत नसे आणि विषाणूचा संशय घेतला जाई. विषाणूंची सवय झालेल्या दुरुस्ती व्यवसायात असा संशय येणे स्वाभाविक होते. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी शोध घेणाऱ्या घटकाची सुधारित आवृत्ती देऊन हा दोष दूर केला.

२०१३ मधील प्रसंग अधिक बोधप्रद आहे. ‘इंटरनेट एक्स्प्लोअरर’ या न्याहाळकासाठी दर महिन्या-दोन महिन्यांनी नवी एकत्रित दुरुस्ती येई व ती आधीच्या दुरुस्तीची जागा घेई. अशा दुरुस्त्यांची दीर्घ साखळी तयार झाली होती. ती तपासण्याची पद्धत अशी होती, की साखळीत एक कडी वाढली की श्रम सु. दुप्पट होत. या प्रमाणात दहा कड्यांना १,०२४ पट, तर वीस कड्यांना दहा लाखांहून अधिक पट श्रम होतात. प्रणाली जुनी होईल तसतसा तिचा ताळा असाध्य होत गेला व कमी स्मृतीच्या संगणकांवर तासन्‌तास काम अडून राहू लागले. अखेर जानेवारी २०१४ मध्ये जुन्या कड्या कालबाह्य ठरवून यादीतून काढून टाकल्यावर भार उतरला. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीला अद्यतने देणेच बंद झाले. म्हणजे रोगमुक्तीचा लाभ जेमतेम तीन महिने मिळाला.

तिसऱ्या प्रसंगी हीच स्थिती ‘विंडोज ७’ वर ओढवली. २०१५-१६ मध्ये नव्याने प्रणाली बसविलेल्या संगणकावर पहिला शोध कित्येक तास चाले. जुलै २०१६ मधील एकत्रित अद्यतनाने तो वेळ एकदम कमी झाला आणि ऑक्टोबर २०१६ पासून सुट्या दुरुस्त्यांऐवजी महिन्याची एकच संचयी दुरुस्ती देण्याची पद्धत आली. तिन्ही प्रसंगी भारावरचा खरा उपाय पुढच्या दुरुस्तीतून किंवा यादीच्या छाटणीतून आला. ज्यांनी अद्यतने बंद केली होती, त्यांच्यापर्यंत दुरुस्तीच्या रूपाने आलेला उपायही पोहोचला नाही.

निदान : भाराचे निदान करताना प्रथम अडथळा कोणता, हे ठरवावे लागते. संगणक मंद होण्यास प्रोसेसर, स्मृती किंवा हार्ड डिस्क यांपैकी कोणताही घटक कारण असू शकतो. विंडोजमधील टास्क मॅनेजरमध्ये या तिन्हींचा वापर वेगवेगळा दिसतो. फिरती हार्ड डिस्क असलेल्या संगणकात प्रोसेसर मोकळा असून डिस्क पूर्ण गुंतलेली असते, असे पुष्कळदा आढळते. तेथे प्रोसेसरसंबंधीचे उपाय निरुपयोगी ठरतात. दाखविलेल्या टक्केवारीचाही अर्थ लावावा लागतो. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर एकच काम अडकून पडले, तर आकडा १०० ऐवजी सु. २५ टक्के दिसतो. याउलट कमी अग्रक्रमाने चालणारे काम केवळ रिकामी शक्ती वापरते व इतर कामांना वाट देते. त्यामुळे १०० टक्के हा आकडा स्वतः दोषदर्शक नाही.

यानंतर प्रक्रियेचे नाव पाहतात. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ हे नाव दुरुस्ती बसविण्याचे काम दर्शविते, तर एसव्हीसीहोस्टच्या बाबतीत तिच्या पोटातील सेवा शोधावी लागते. मार्क रुसिनोविच यांनी तयार केलेल्या ‘प्रोसेस एक्स्प्लोरर’ या साधनाने ही माहिती मिळू लागली. काळ हा निदानाचा सर्वांत महत्त्वाचा निकष होय. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी तास-दोन तास वाढलेला व स्वतःहून उतरणारा भार प्राकृत समजतात. तो दिवसेंदिवस टिकून राहिला तरच विकृती मानावी.

उपाय : प्राकृत भारावर संगणकास वेळ देणे हाच उपाय आहे. काम चालू असताना यंत्र बळाने बंद केल्यास तेच काम पुन्हा आरंभापासून होते. विकृत भार असल्यास अद्यतनाची सेवा तात्पुरती थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या कप्प्यातील उतरविलेल्या फाईली काढून टाकतात व सेवा पुन्हा सुरू करतात. त्यामुळे बिघडलेली नोंदवही नव्याने लिहिली जाते. प्रणालीच्या मूळ फाईली तपासून दुरुस्त करण्याची साधने विंडोजमध्येच अंतर्भूत आहेत. शोधाचा घटक जुना असल्यास त्याची नवी आवृत्ती हातांनी बसवितात. स्मृती वाढविणे व फिरत्या डिस्कऐवजी घनावस्था साठवण म्हणजे एसएसडी बसविणे हे उपाय जुन्या यंत्रांना विशेष गुणकारी ठरले आहेत. मोठ्या कार्यालयांत सर्व संगणकांनी एकाच वेळी इंटरनेटकडे धाव घेऊ नये, म्हणून एका स्थानिक सर्व्हरवर दुरुस्त्या आणून तेथून टप्प्याटप्प्याने वाटतात. मायक्रोसॉफ्टने यासाठी २००२ मध्ये व सुधारित रूपात २००५ मध्ये व्यवस्था दिली. लिनक्स वर्गातील ‘उबुंटू’ प्रणालीत रोजच्या तपासणीच्या वेळेत बारा तासांपर्यंतचे यादृच्छिक अंतर ठेवून हीच गर्दी टाळली आहे.

महासंगणकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. त्यांत एकच गणित शेकडो घटकयंत्रांवर विभागलेले असते. एका यंत्रात पार्श्वभूमीचे लहानसे काम उपटले, तरी बाकीची सर्व यंत्रे त्याच्यासाठी थांबून राहतात. म्हणून अशा यंत्रांवर स्वयंचलित अद्यतन ठेवत नाहीत. आधी जाहीर केलेल्या देखभालीच्या काळात सर्व घटकांवर दुरुस्त्या एकदम बसवितात. येथे अद्यतन टाळलेले नसून त्याची वेळ माणसाने ठरविलेली असते, हा भेद महत्त्वाचा आहे.

२०१७ चा धडा : विंडोजमधील फाईल-देवघेवीच्या व्यवस्थेतील एका दोषावर १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, त्याच दोषातून शिरणारी ‘वॉनाक्राय’ ही खंडणीखोर आज्ञावली दीडशेच्या आसपास देशांत पसरली. ती संगणकावरील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर चालणारे होते. एक्सपीला दुरुस्त्या मिळणे तेव्हा बंद झाले होते. विंडोज ७ साठी मात्र दुरुस्ती विनामूल्य उपलब्ध होती. आधीच्या दोन वर्षांत मंद शोधामुळे जिची सर्वाधिक तक्रार झाली, तीच ही प्रणाली होय. क्विक हील कंपनीने भारतात अशा हल्ल्याचे ४८,००० हून अधिक प्रयत्न आढळल्याचे त्या वेळी जाहीर केले. सर्वाधिक प्रयत्न झालेल्या पाच शहरांत कोलकाता, दिल्ली व भुवनेश्वर यांच्यानंतर पुणे व मुंबई यांची नावे होती.

त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ या आज्ञावलीने जगातील अनेक कंपन्यांचे व्यवहार ठप्प केले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एपी मोलर-मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे थांबले. या आज्ञावलीचा प्रथम प्रवेश युक्रेनमधील एका हिशेबविषयक आज्ञावलीच्या अद्यतनातून झाला होता. दुरुस्ती न घेणे जसे धोक्याचे, तसेच दुरुस्ती आणणारा मार्ग असुरक्षित असणेही धोक्याचे, हे यावरून सिद्ध झाले.

सक्ती व तिच्या मर्यादा : २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या ‘विंडोज १०’ च्या घरगुती आवृत्तीत अद्यतने नाकारण्याची मुभा ठेवली नव्हती. कामाच्या वेळी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत असल्याच्या तक्रारींनंतर ऑगस्ट २०१६ मध्ये कामाचे तास ठरविण्याची व मे २०१९ मध्ये अद्यतने काही दिवस लांबविण्याची सोय देण्यात आली. क्वचित अद्यतनच भाराचे मूळ ठरते. ३० ऑगस्ट २०१९ च्या एका दुरुस्तीमुळे काही संगणकांवर शोधपेटीची प्रक्रिया प्रोसेसर व्यापून टाकू लागली. १० सप्टेंबरच्या दुरुस्तीने तो दोष गेला. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरच्या रचनेतीलच ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे दोष उघड झाले. त्यांवरील दुरुस्त्यांनी काही कामांचा वेग कायमचा कमी केला. तेथे सुरक्षिततेची किंमत वेगाच्याच रूपात मोजावी लागली.

१९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीच्या सदोष स्वयंचलित अद्यतनाने जगातील सु. ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. पुण्यासह भारतातील अनेक विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हातांनी करण्याची वेळ आली. कंपनीने चूक दीड तासाच्या आत मागे घेतली. पण बंद पडलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांपर्यंत दुरुस्ती आपोआप पोहोचूच शकत नव्हती. त्यांच्यापाशी माणसाने जाऊन दोषी फाईल हातांनी काढावी लागली. स्वयंचलनाने बाजूस सारलेला दुरुस्ती कारागीर त्या दिवशी पुन्हा आवश्यक ठरला.

सद्यःस्थिती : संचयी दुरुस्त्या, एसएसडी व बहुगाभ्यांचे प्रोसेसर यांमुळे नव्या संगणकांवर भाराची तीव्रता बरीच ओसरली आहे. जुन्या यंत्रांचा प्रश्न मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्याने नव्या रूपात उभा राहिला. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली किमान ४ गिगाबाइट स्मृती, विशिष्ट सुरक्षा घटक व ठराविक प्रोसेसर यांची अपेक्षा ठेवते. ती पूर्ण न करणाऱ्या यंत्रांच्या मालकांपुढे मर्यादित मुदतीची वाढीव अद्यतने घेणे, लिनक्ससारखी प्रणाली बसविणे किंवा यंत्र बदलणे हे पर्याय उरतात. यांपैकी काहीच न करता ते यंत्र इंटरनेटशी जोडलेले ठेवल्यास त्याला नियमित दुरुस्त्या मिळणार नाहीत.